मोबाइल, टॅबलेट, डेस्कटॉप ही तीन चित्रं काढून टाका: वेबसाइटची साधनं घडवणाऱ्यांना खुलं पत्र

वेबसाइट-बिल्डर, थीम आणि वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसची फ्रेमवर्क घडवणाऱ्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या एडिटरमध्ये वरच्या पट्टीवर तीन छोटी चित्रं असतात. एक मॉनिटर, एक टॅबलेट, एक फोन. चित्रावर क्लिक केलं की मधला कॅनव्हास तेवढ्या रुंदीचा होतो. साइट बांधणारा माणूस तिन्हीकडे नजर फिरवतो, एखादं शीर्षक लहान करतो, एखादं चित्र वर सरकवतो आणि "झालं" म्हणून साइट लाइव्ह करतो. गेली १२ वर्षं मीही असंच करत आलो. ती तीन चित्रं काढून टाका, अशी माझी मागणी आहे. ती का करतोय, हे जरा सविस्तर सांगतो.

मध्यंतरी एका बाईंचा फोन आला. निवृत्त शिक्षिका. मी बांधलेल्या एका साइटवर त्यांना अर्ज भरायचा होता. "नाव भरलं, फोन नंबर भरला, पण पुढे काही येतच नाही," असं त्या सांगत होत्या. मी सवयीने विचारलं, "मोबाइलवरून भरताय का?" त्या म्हणाल्या, "नाही हो, लॅपटॉप आहे माझा. चांगला मोठा आहे." मला वाटलं, ब्राउझर जुना असेल. तोही नवा निघाला. पाच-सात मिनिटं आम्ही दोघंही चाचपडत होतो. मग बोलण्याच्या ओघात कळलं की अक्षरं नीट दिसत नाहीत म्हणून त्यांनी ब्राउझरचा झूम २०० टक्क्यांवर ठेवला आहे. आज नाही, कायमचाच.

फोन ठेवल्यावर मी कंट्रोल धरून अधिकचं बटण दाबत गेलो. ११०, १२५, १५०, १७५, २००. स्क्रीन १३६६ बाय ७६८ चा. झूम दुप्पट केला की ब्राउझरच्या हिशेबी रुंदी उरते ६८३ पिक्सेल. उंचीचं त्याहून वाईट. टॅब, पत्त्याची पट्टी आणि खालचा टास्कबार वजा केला की सव्वासहाशेच्या आसपास उरतात, आणि त्याचे अर्धे म्हणजे तीनशेच्या जरासं वर. अर्ज उघडत होता पॉपअपमध्ये. पॉपअपची उंची ६०० पिक्सेल, पक्की. तो उघडला की मागच्या पानाचं स्क्रोल बंद. तीनशेच्या खिडकीत सहाशेचा पॉपअप आणि तो खालीवर सरकवायची काही सोय नाही. अर्जाचे उरलेले रकाने आणि 'पाठवा' हे बटण खालच्या अर्ध्या भागात होतं, तिथवर त्या बाई पोचूच शकत नव्हत्या.

तो ६०० चा आकडा मी टाकलेला नव्हता. पॉपअपचा ब्लॉक ओढून पानावर सोडला तेव्हाच तो त्यात होता. तरी तपासून घेणं माझं काम होतं आणि ते मी केलं नाही, ही माझी चूक. त्या बाईंची मी माफी मागितली, पॉपअप काढून अर्ज साध्या पानावर आणला आणि तो त्यांनी भरला. पण नंतर कितीतरी दिवस एकच गोष्ट डोक्यात घोळत राहिली. मी तिन्ही चित्रांवर क्लिक करून बघितलं होतं. तिन्हीकडे पॉपअप छान दिसला होता. रुंदीला बेताचा आणि उंचीला बुटका असा स्क्रीन त्या तीन चित्रांत बसतच नाही. तो मोबाइल नाही, टॅबलेट नाही आणि डेस्कटॉपही नाही. म्हणजे साधनाने मला "तू सगळं तपासलंस" असं सांगितलं आणि ते खरं नव्हतं.

म्हणून हे पत्र तुम्हाला.

वेबपान मुळात लवचिकच असतं. सर्न या भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली तयार केलेली पहिली वेबसाइट आजही उघडून बघता येते. तिच्यात रुंदीचा आकडा कुठेही नाही. खिडकी लहान करा, ओळी आखूड होतात. मोठी करा, लांबतात. त्या काळात ती लवचिक करायला कुणाला काही करावं लागलं नव्हतं, एचटीएमएल तसंच वागतं. त्यानंतर आपण सगळ्यांनी मिळून पानाला छापील कागदासारखं जखडलं. टेबलांत मांडण्या केल्या, आधी ८०० पिक्सेलच्या स्क्रीनसाठी, पुढे १०२४ च्या स्क्रीनवर मावेल अशा ९६० च्या चौकटीत. जॉन ऑलसॉप यांनी २००० सालीच 'अ लिस्ट अपार्ट' या वेब डिझाइनच्या ऑनलाइन नियतकालिकात लिहून ठेवलं होतं की छापील पानावरचा ताबा वेबवर मागू नका, वेबची लवचिकता स्वीकारा. तेव्हा ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

२००७ मध्ये आयफोन आला तेव्हा त्याच्या सफारीला या जखडलेल्या साइटी दाखवायच्या होत्या. म्हणून तो स्वतःचा स्क्रीन ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरून चालायचा, पान त्या रुंदीवर मांडायचा आणि मग आक्रसून ३२० मध्ये बसवायचा. अक्षरं मुंगीएवढी. खरी रुंदी धरायला लावण्यासाठी पानाच्या डोक्यावर व्ह्यूपोर्टची एक ओळ लिहावी लागायची आणि आजही लिहावी लागते. बाकी सगळी मेहनत बरोबर असली तरी ती एक ओळ राहिली की पान फोनवर पुन्हा आक्रसतं. ती ओळ आता तुम्ही आपणहून टाकता, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. ती हाताने लिहिण्याच्या दिवसांत मी कितीदा विसरलो असेन याची मोजदाद नाही.

मग मे २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी, तेही 'अ लिस्ट अपार्ट'मध्येच, 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हे नाव दिलं आणि तीन गोष्टी एकत्र आणल्या: टक्क्यांत मोजलेली प्रवाही ग्रिड, डब्याबाहेर न जाणारी लवचिक चित्रं आणि मीडिया क्वेरी, म्हणजे "स्क्रीन इतका रुंद असेल तर मांडणी अशी कर" असं सांगणारा नियम. मी ते जसं समजलो त्यात प्रवाही ग्रिड हा पाया होता. पान आपोआप आखूड-रुंद होत राहील, आणि एवढं करूनही जिथे मांडणी फाटेल तिथे मीडिया क्वेरीचा टाका घालायचा. टाका कुठे, हे कापड सांगणार.

साधनांमध्ये येता येता हा क्रम उलटा झाला. मीडिया क्वेरी पुढे आली आणि पाया मागे पडला. ट्विटरमधल्या मार्क ओटो आणि जेकब थॉर्न्टन यांनी ऑगस्ट २०११ मध्ये बूटस्ट्रॅप हा तयार सीएसएसचा संच सगळ्यांसाठी खुला केला. २०१३ च्या तिसऱ्या आवृत्तीत तो लहान स्क्रीनपासून सुरुवात करणारा झाला. माझ्यासारख्या हजारो लोकांना रिस्पॉन्सिव्ह साइट हातात दिली ती बूटस्ट्रॅपनेच, आणि मी त्याचं ऋण मानतो. पण त्याबरोबर मांडणी कुठल्या रुंदीला बदलायची याचे ७६८, ९९२, १२०० हे आकडेही हातात आले. ७६८ म्हणजे २०१० च्या पहिल्या आयपॅडची उभी रुंदी. आज टॅबलेट वेगवेगळ्या रुंदीचे आहेत, फोन उलगडून टॅबलेट होतात, एकाच स्क्रीनवर दोन ॲप शेजारीशेजारी उघडता येतात, आणि तरी ७६८ हा आकडा जागचा हललेला नाही. बूटस्ट्रॅपच्या पाचव्या आवृत्तीत ५७६, ७६८, ९९२, १२००, १४०० असे टप्पे आहेत, टेलविंड या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये ६४०, ७६८, १०२४, १२८०, १५३६. दोन्हींत हे आकडे बदलता येतात. पण मी ज्या-ज्या साइटींचा कोड उघडून पाहिला, त्यांतल्या फार थोड्या साइटींत ते बदललेले दिसले.

मुद्दा हा डिफॉल्टचा आहे. वापरणारा माणूस बहुतेक गोष्टींना हात लावत नाही. त्याला वेळ नसतो, क्लायंट घाई करत असतो, आणि ज्याला हात लावला नाही ते बरोबरच असणार असा त्याचा तुमच्यावर विश्वास असतो. तुम्ही एक आकडा ठरवता आणि तो लाखो पानांवर जाऊन बसतो. हेच चांगल्या बाजूनेही घडतं. डिसेंबर २०१५ मध्ये वर्डप्रेसच्या ४.४ आवृत्तीने एकाच चित्राच्या लहान-मोठ्या प्रती ब्राउझरसमोर ठेवून "तुला हवी ती उचल" असं सांगायला सुरुवात केली. साइट चालवणाऱ्याने एकही सेटिंग बदललं नाही, त्यातल्या पुष्कळांना ही गोष्ट कळलीही नसेल, पण लहान फोनवर मोठी चित्रं उतरवणं कमी झालं. ही ताकद तुमच्या हातात आहे. आम्ही कितीही लेख वाचले, कितीही कार्यशाळा केल्या तरी ती आमच्या हातात येत नाही.

आता एक प्रयोग करून बघा. तुमच्याच साधनातलं तुमचं सगळ्यात देखणं टेम्प्लेट ब्राउझरमध्ये उघडा. चित्रांवर क्लिक करू नका. खिडकीचा उजवा कोपरा माउसने धरा आणि अगदी सावकाश डावीकडे ओढत न्या. मी गेल्या महिन्यात एका टेम्प्लेटवर हे केलं. १२०० ला सगळं झकास. ११०० पर्यंतही ठीक. १०४० च्या आसपास मेनूतला सातवा शब्द खालच्या ओळीत गेला आणि वरची पट्टी जाड झाली. ९८० ला लोगो आणि मेनू एकमेकांना टेकले. ९०० ला तीन कार्डांच्या रांगेतली कार्डं इतकी अरुंद झाली की शीर्षकाचा एकेक शब्द एकेका ओळीत आणि बटणावरच्या मजकुराच्या तीन ओळी. हे सगळं पार ७६८ पर्यंत तसंच घसरत गेलं. ७६७ ला टक्कन सगळं सावरलं: मेनूचं तीन रेघांचं बटण झालं, कार्डं एकाखाली एक आली आणि पान पुन्हा देखणं. म्हणजे १०४० ते ७६८ हा जवळजवळ पावणेतीनशे पिक्सेलचा पट्टा मोडका होता. त्या पट्ट्यात आडवे धरलेले मोठे फोन येतात, उभे धरलेले मोठे टॅबलेट येतात, अर्ध्या खिडकीत साइट उघडून शेजारी दुसरं काम करणारे येतात, दीडशे टक्के झूम ठेवणारे लॅपटॉपवाले येतात. टेम्प्लेट बनवणाऱ्याला तो पट्टा कधी दिसलाच नाही, कारण त्याच्यासमोर तीन चित्रं होती आणि तिन्ही चित्रं त्या पट्ट्याच्या बाहेर होती.

म्हणून त्या तीन चित्रांच्या जागी एक ओढता येणारी कड द्या. कॅनव्हासची कड. माणूस ती डावी-उजवीकडे आणि वर-खालीही ओढेल, उंची विसरू नका. मांडणी जिथे मोडताना दिसेल तिथे तो थांबेल आणि म्हणेल, "इथून पुढे कार्डं दोनच ठेव." तो झाला त्या पानाचा ब्रेकपॉइंट. मजकुरातून आलेला. प्रत्येक पानाचा वेगळा असू शकतो, असायलाच हवा. काही साधनांत अशी कड आजही असते, पण ती एका कोपऱ्यात दडलेली असते आणि तीन चित्रं ठळकपणे समोर.

याहून मोठी गोष्ट म्हणजे, पुष्कळ ठिकाणी ब्रेकपॉइंटची गरजच उरलेली नाही. सीएसएस ग्रिड मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्हींत आली. तिच्यात एका ओळीत असं सांगता येतं: प्रत्येक कॉलम किमान १६ रेम रुंद ठेव, मावतील तितके कॉलम कर, उरलेली जागा सगळ्यांत सारखी वाट. बस. ना ७६८, ना ९९२. मोठ्या स्क्रीनवर चार कॉलम होतात, जागा कमी झाली की तीन, मग दोन, मग एक. आणि रेम हे माप अक्षराच्या आकाराशी बांधलेलं असल्यामुळे ज्याने ब्राउझरमध्ये अक्षर मोठं करून ठेवलंय त्याच्यासाठी कॉलम आपोआप कमी होतात. कॉलमची किमान रुंदी पूर्ण जागेपेक्षा जास्त होणार नाही एवढी एक अट जोडली की अगदी चिंचोळ्या स्क्रीनवरही आडवं स्क्रोल येत नाही. हे मी पहिल्यांदा करून बघितलं त्या दिवशी खिडकीचा कोपरा धरून कितीतरी वेळ नुसता मागेपुढे ओढत बसलो होतो. मोडतच नव्हतं. हा आनंद कोड लिहिणाऱ्यांपुरता का राहावा? ब्लॉक ओढून पान बांधणाऱ्या माणसाला तुम्ही आजही विचारता: डेस्कटॉपवर किती कॉलम? टॅबलेटवर किती? मोबाइलवर किती? त्याऐवजी एकच प्रश्न विचारा: "एक कार्ड कमीत कमी किती रुंद असलं तर वाचता येईल?" या प्रश्नाचं उत्तर कुणालाही देता येतं. समोर कार्ड दाखवा, ते आखडत न्यायला सांगा, आणि जिथे वाचणं अवघड होईल तिथे सोडायला सांगा.

अक्षरांचंही तसंच. किमान इतकं, कमाल इतकं आणि मधे जागेप्रमाणे, हे सांगणारं क्लॅम्प २०२० पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरांत चालतं. मात्र यात एक मेख आहे. मधला आकार निव्वळ स्क्रीनच्या रुंदीवर बांधला तर झूम केल्यावर अक्षर त्या मधल्या टप्प्यात वाढतच नाही, कारण झूम वाढला की ब्राउझरच्या हिशेबी स्क्रीन तेवढाच अरुंद होतो आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून त्यात रेमचा वाटा मिसळावा लागतो. हे नवशिक्याला कुठून कळणार? तुमच्या साधनाने ते आतून करून टाकावं.

आणि कंटेनर क्वेरी. क्रोम आणि सफारीत २०२२ मध्ये आणि फायरफॉक्समध्ये फेब्रुवारी २०२३ मध्ये आली. मीडिया क्वेरीला फक्त अख्खा स्क्रीन दिसतो. कंटेनर क्वेरीला तो ब्लॉक ज्या डब्यात बसलाय तो डबा दिसतो. मोठ्या स्क्रीनवर बाजूच्या अरुंद पट्टीत बसवलेलं कार्ड "मी डेस्कटॉपवर आहे" असं समजून चित्र डावीकडे आणि मजकूर उजवीकडे मांडायचं आणि दोन्हींचा चुरा व्हायचा. आता त्याला आपली खरी जागा कळते. तुमच्यासारख्या ब्लॉक विकणाऱ्यांसाठी तर हे वरदानच आहे. एक ब्लॉक ग्राहक कुठे नेऊन ठेवेल हे तुम्हाला कधीच माहीत नसतं. टेलविंडने २०२५ च्या चौथ्या आवृत्तीत ही सोय मूळ साधनातच घेतली, फार बरं झालं. पण ओढून-सोडून पान बांधायच्या बिल्डरांत मला ती अजून सहज हाताशी सापडत नाही.

थोडं आपल्या लिपीविषयी. टेम्प्लेट बनवताना त्यात नमुना मजकूर इंग्रजी असतो, छोट्या छोट्या शब्दांचा. त्या जागी आम्ही 'व्यवस्थापनासंदर्भातील' किंवा 'नोंदणीकृत सभासदांसाठी' टाकतो. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे शब्द लांबतो आणि फोनच्या स्क्रीनवर शीर्षकाबाहेर जातो. तिथे कुणी शब्द कुठेही तोडायची सेटिंग लावून ठेवली असेल तर 'सभास' एका ओळीत आणि 'दांसाठी' दुसऱ्या ओळीत. शीर्षकाची ओळउंची अक्षराइतकीच ठेवलेली असते आणि डब्याबाहेरचं कापायचं असं सांगितलेलं असतं. मग वरची वेलांटी आणि खालचा उकार दोन्ही छाटले जातात. 'र्की'मधला रफार गेला की शब्दच बदलतो. काही थीममध्ये शीर्षकाच्या अक्षरांमध्ये थोडी मोकळी जागा सोडायची शैली असते. रोमनमध्ये ती शोभते, देवनागरीत शिरोरेषा तुकड्यातुकड्यांत तुटते. यातली एकही गोष्ट स्क्रीनच्या रुंदीशी थेट संबंधित वाटणार नाही, पण लहान स्क्रीनवरच ती सगळ्यांत जास्त उघडी पडते, कारण तिथे जागा नसते. लवचिक पान म्हणजे मजकूर बदलला तरी न फाटणारं पान. तुमच्या प्रत्येक टेम्प्लेटच्या नमुन्यात दोन-तीन लिपींतला लांब मजकूर घालून बघा. देवनागरी, अरबी, एखादा लांबलचक जर्मन शब्द. जे तिथे तगेल ते कुठेही तगेल.

'मोबाइलवर लपवा' हे बटण मात्र मला सगळ्यात जास्त सलतं. ते इतकं सोपं आहे की आम्ही विचार न करता वापरतो. डेस्कटॉपवरची पट्टी फोनवर बसत नाही? लपवा. फोनसाठी वेगळी पट्टी बनवा आणि ती डेस्कटॉपवर लपवा. आता एकाच पानात एकाच गोष्टीच्या दोन प्रती झाल्या. एका साइटवर मी अर्जाची शेवटची तारीख बदलली, बघितली, बरोबर दिसली. तीन आठवड्यांनी कळलं की फोनवर जुनीच तारीख दिसत होती, कारण ती दुसऱ्या प्रतीत होती आणि माझ्या डेस्कटॉपवर ती प्रत लपलेली होती. ज्यांनी फोनवर बघितलं त्यांतल्या कुणाकुणाला वाटलं असेल की मुदत संपली. ते लोक परत आले की नाही हे मला कधीच कळणार नाही, आणि ती टोचणी आजही आहे. शिवाय नुसतं लपवलेलं चित्र बहुतेक वेळा तरीही उतरवलं जातं. बघणाऱ्याला दिसत नाही, पण त्याचा डेटा खर्च होतो.

हे बटण ठेवायचंच असेल तर निदान त्याआधी विचारा: "ही माहिती फोनवाल्यांना नको आहे का, की तिची मांडणी बसत नाही?" दहातल्या नऊ वेळा दुसरं उत्तर येईल, आणि मग मांडणी बदलायची वाट दाखवा.

क्रम बदलण्याच्या सोयीबद्दलही थोडं. फोनवर चित्र आधी आणि मजकूर नंतर हवा म्हणून आम्ही नुसता दिसण्यातला क्रम उलटा करतो. डोळ्यांना तो नवा दिसतो, पण टॅबच्या बटणाने फिरणाऱ्याला आणि स्क्रीन रीडरने ऐकणाऱ्याला जुनाच क्रम मिळतो. फोकस वर-खाली उड्या मारतो. क्रम बदलताना एवढी सूचना जरी दिलीत तरी पुरे.

झूमवर घातलेलं कुलूप मात्र आजच्या आज काढा. व्ह्यूपोर्टच्या ओळीत कमाल झूम एकच ठेवणारी शेपटी अजूनही कितीतरी जुन्या थीममध्ये आहे. मांडणी बोटांनी विस्कटू नये म्हणून कुणीतरी कधीतरी ती घातली. आयफोनच्या सफारीने २०१६ मध्ये, आयओएस १० पासून, अशी बंदी जुमानणंच सोडलं, कारण ज्याला दिसत नाही त्याने काय करायचं? बाकीच्या ब्राउझरांवर मात्र ती बंदी सरसकट निष्प्रभ होईलच असं धरून चालता येत नाही.

नियमांचं म्हणाल तर ते आधीच आहेत. वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठी डब्ल्यूसीएजी नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांच्या जून २०१८ च्या २.१ आवृत्तीत रीफ्लो नावाचा निकष आहे: ३२० पिक्सेल रुंदीत मजकूर वाचायला उभं आणि आडवं असं दोन्हीकडे स्क्रोल करावं लागू नये. ३२० हा आकडा फक्त जुन्या फोनचा नाही. १२८० रुंदीच्या स्क्रीनवर ४०० टक्के झूम केला की तेवढीच रुंदी उरते. म्हणजे लहान फोन आणि कमी दिसणारा माणूस, दोघांची गरज एकाच चाचणीत येते. त्या शिक्षिकाबाई याच चाचणीत होत्या, निम्म्या वाटेवर. आणि ऑक्टोबर २०२३ च्या २.२ आवृत्तीत बटणं-लिंका निदान २४ बाय २४ पिक्सेल असाव्यात किंवा त्यांच्याभोवती तेवढी मोकळी जागा असावी, असा निकष आला. तुमच्या साधनाला प्रत्येक ब्लॉकची रुंदी-उंची माहीत असते. 'प्रकाशित करा' दाबण्याआधी ते हे मोजून सांगू शकतं. शुद्धलेखनाच्या चुका लाल रेघेने दाखवता तसं आडवं स्क्रोल जिथून सुरू होतं तो ब्लॉक लाल चौकटीत दाखवा. मला आजही तो ब्लॉक शोधायला एकेक घटक पुसत बसावं लागतं.

मला माहीत आहे, तुमच्याकडून उत्तर येईल की लोकांना तीन चित्रं समजतात, त्यात सोपेपणा आहे. मी नवख्या लोकांना साइट बांधायला शिकवली आहे. त्यांना तीन चित्रं समजतात हे खरं, पण त्यातून त्यांचा समज काय होतो? की एक साइट म्हणजे तीन चित्रं रंगवायची. मग ते तीनदा काम करतात, तिन्हीकडे वेगवेगळे आकडे भरतात आणि एक शब्द बदलला की तिन्ही मोडतं. याच लोकांना मी एकदा खिडकीचा कोपरा ओढून दाखवला. दहा मिनिटांत त्यांच्या तोंडून "अरे, इथे फाटतंय" असं यायला लागलं. कुणालाही ब्रेकपॉइंट या शब्दाचा अर्थ सांगावा लागला नाही.

दुसरं उत्तर असं येईल की क्लायंटला डिझाइन जसंच्या तसं हवं असतं, पिक्सेल न् पिक्सेल. हे मी रोज भोगतो. पण त्याला तसं मागायला आपणच शिकवलं. आपण त्याला तीन चित्रं दाखवतो, तो तीन चित्रांवर सही करतो. त्याला कड ओढता येणारा प्रिव्ह्यू पाठवता आला तर तो स्वतःच ओढून बघेल. मी तसं दोन-तीनदा केलं, अर्धवट जुगाड करून. दोघांनी तर उत्साहाने आपल्या घरातल्या सगळ्या फोनवर बघून अडचणी कळवल्या.

पुढच्या आवृत्तीत सगळं एकदम होणार नाही, हे मी समजू शकतो. साधनं घडवणं किती किचकट असतं आणि जुन्या साइटी न मोडता पुढे जाणं किती अवघड, याची मला कल्पना आहे. म्हणून सुरुवात लहान करा. तुमच्या साधनातल्या ज्या-ज्या ब्लॉकची उंची आज आकड्यात ठरलेली आहे, त्या सगळ्यांची एकदा यादी काढा. पॉपअप, बॅनर, खालची चिकट पट्टी, वरचा चिकट मेनू. जिथे शक्य तिथे उंची मजकुरावर सोडा. जिथे ती ठरवावीच लागते तिथे स्क्रीनच्या उंचीपलीकडे जाऊ देऊ नका आणि आतला मजकूर सरकवायची सोय ठेवा. मग एका लॅपटॉपवर झूम २०० टक्के करा, कुठलाही एक अर्ज उघडा, आणि 'पाठवा' हे बटण दिसतं का ते बघा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
तुमच्याच साधनांवर साइटी उभ्या करणारा एक जण